म्युनिकला सहकुटुंब जावे का? मुलीची सातवी, माझा व्यवसाय, सासूबाई आणि घरची कुत्री

मुठाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. माझे पती वाहन उद्योगासाठी संगणकप्रणाली तयार करतात आणि त्यांना म्युनिकच्या एका कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव आला आहे. वार्षिक वेतन कर कापण्यापूर्वी 72 हजार युरो आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात रुजू व्हावे अशी कंपनीची इच्छा आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून गेली काही वर्षे स्वतःचे क्लिनिक चालवते. मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत, दोघेही सीबीएसईच्या शाळेत शिकतात. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत आणि आमच्याबरोबरच राहतात. याशिवाय चिंगी नावाची, साधारण अठरा किलो वजनाची, आपल्या गावठी जातीची पाच वर्षांची कुत्री आहे. ती घरातलीच एक आहे, तिला येथे कोणाकडे सोडून जाण्याचा विचार आम्ही करू शकत नाही.

वेतनाचा आकडा मोठा दिसतो. परंतु माझे क्लिनिक बंद झाले, मुलीला अनोळखी भाषेत शिकावे लागले आणि सासूबाई एकट्या पडल्या, तर त्या आकड्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला सतत पडतो. दुसरीकडे, मुलांना वेगळे जग पाहण्याची ही संधी पुन्हा येईलच असे नाही. ज्यांनी या वयाच्या मुलांसह असे स्थलांतर केले आहे, त्यांनी कोणत्या गोष्टी आधी तपासल्या आणि त्यांपैकी कोणती निर्णायक ठरली, हे सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

इझारकाठ यांचा प्रतिसाद

आम्ही म्युनिकमध्ये बरीच वर्षे आहोत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी करार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. भारतातील कंपनी आपल्या माणसाला ठरावीक मुदतीसाठी पाठवते तो प्रकार वेगळा आणि जर्मन कंपनीशी थेट करार होऊन ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा वास्तव्य व नोकरीचा परवाना) मिळते तो वेगळा. पहिल्या प्रकारातील परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. ब्लू कार्डधारकाला मात्र जर्मन भाषेची ए-1 ही प्राथमिक पातळी असल्यास 27 महिन्यांनी आणि बी-1 ही मध्यम पातळी असल्यास 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, तसेच जोडीदाराला भाषेच्या परीक्षेशिवाय येता येते आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा मिळते. तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार दिसतो, तरीही करारात सुरुवातीच्या परीविक्षा काळाची अट काय आहे ती वाचावी. हा काळ साधारण सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपुष्टात आणता येते. संपूर्ण कुटुंब हलवायचे असेल, तर ही गोष्ट लहान नाही.

आता पैशांचे. निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा या विम्यांपोटी वेतनाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, त्यानंतर कर. तुमचे उत्पन्न नसताना तुमच्या पतींनी करवर्ग तीन (विवाहितांसाठीचा, कमी कर कापला जाणारा) घेतला, तर महिन्याला हातात चार हजार युरोंच्या आसपास येतील. शिवाय मुलांसाठी सरकारकडून भत्ता मिळतो, तो 2025 साली दर मुलामागे महिन्याला 255 युरो होता. सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता समाविष्ट होतात, ही फार मोठी सोय आहे. पण म्युनिकचे घरभाडे संपूर्ण जर्मनीत सर्वाधिक भाड्यांपैकी आहे. दोन मुलांच्या कुटुंबाला पुरेल अशा घराचे, हीटिंगसह, दोन हजार युरो सहज होतात. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येते, आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचे कपाट, ओटा, शेगडी यांपैकी काहीच नसते, ते आपल्याला बसवून घ्यावे लागते. एवढ्या वेतनावर चार जणांचा संसार नीट चालतो, मात्र पुण्यासारखी मोठी बचत होईल असे गृहीत धरू नका. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क एका मुलाचे वर्षाला वीस हजार युरोंच्या पुढे जाते, त्यामुळे कंपनी ते भरणार नसेल तर तो मार्ग तुमच्यासाठी बंदच आहे, असे समजून पुढचा विचार करावा.

म्हणजे मुले सरकारी शाळेत जाणार. तेथे शुल्क नाही, शिक्षण चांगले आहे आणि मुलाच्या बाबतीत मला काळजी वाटत नाही. तो तिसरीच्या वयाचा असेल आणि त्या वयात मुले वर्षभरात खेळता-खेळता भाषा उचलतात. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते आणि चौथीच्या मे महिन्यातील दाखल्यात जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमचा (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूलचा (मधल्या स्तराची शाळा) मार्ग थेट खुला होतो (येथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी असते). चौथीत येऊन पोहोचणाऱ्या मुलापेक्षा तिसरीच्या आरंभी येणाऱ्याला हे पुष्कळ सोपे जाते. शाळेने आणि तुम्ही मान्य केले, तर एक वर्ष मागे बसवणे येथे कमीपणाचे मानले जात नाही.

खरा प्रश्न मुलीचा आहे आणि माझ्या मते तुमचा निर्णय तिच्यावरच ठरावा. बाराव्या-तेराव्या वर्षी येणाऱ्या, जर्मन न येणाऱ्या मुलांना बहुधा भाषावर्गात घालतात आणि हे वर्ग मुख्यतः मिटेलशूलमध्ये असतात, जेथून पुढे व्यवसायशिक्षणाचा रस्ता जातो. तेथून गिम्नाझियममध्ये जाता येते, पण त्यासाठी भाषा लवकर आत्मसात करावी लागते आणि इंग्रजीच्या जोडीला दुसरी परकीय भाषा, पुष्कळदा फ्रेंच किंवा लॅटिन, इतर मुलांबरोबर गाठावी लागते. काही गिम्नाझियम हुशार मुलाला आधी पाहुणा विद्यार्थी म्हणून वर्गात बसू देतात. मुलगी अभ्यासात चांगली असेल आणि येण्यापूर्वी तिची जर्मन ए-2 पर्यंत पोहोचली असेल, तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलताना तुमची बाजू निराळीच असते. पुण्यात यासाठी मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग आहे, शिवाय जर्मन शिकवणारे अनुभवी शिक्षक इतक्या संख्येने मिळतील अशी शहरे भारतात थोडी आहेत. हा फायदा आजपासून घ्या. जायचे ठरले नाही, तरी ते शिकणे वाया जात नाही.

घर आणि कुत्रा यांविषयी एवढेच, की जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये भाडेकराराच्या छापील नमुन्यातील कुत्री-मांजरांवरील सरसकट बंदी अवैध ठरवली. तरी पन्नास अर्जदारांतून घरमालक ज्याच्याकडे कुत्रा नाही त्याला निवडतो, तेव्हा हा निकाल मदतीला येत नाही. म्हणून तुमच्या पतींनी आधी येऊन घर पाहावे आणि कुत्रीचा उल्लेख अर्जातच करावा. म्युनिक महानगरपालिकेचा श्वानकर वर्षाला 100 युरो आहे. शहरातील मेट्रो आणि बसमध्ये एका कुत्र्याला तिकीट लागत नाही.

ठाण्याचा पशुवैद्य यांचा प्रतिसाद

चिंगीच्या कामाला तुम्ही मुलांच्या शाळेच्याही आधी लागावे, कारण त्यातील मुदती कोणालाही कमी करता येत नाहीत.

रेबीजच्या दृष्टीने युरोपीय संघाने ज्या देशांना सोपे नियम लावले आहेत, त्यांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे क्रम असा: प्रथम आयएसओ प्रमाणाची पंधरा आकडी मायक्रोचिप, तिच्यानंतरच रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना, तो नमुना युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवून प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलीटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असल्याचा अहवाल, आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबणे. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी चार महिने लागतात. चिंगीला दरवर्षी लस दिली जात असेल, पण चिप नसेल, तर चिपच्या आधीच्या लसी येथे धरल्या जात नाहीत, चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागते. पुण्यातील अनेक पालकांना हे शेवटच्या महिन्यात कळते. एकदा चाचणी उत्तीर्ण झाली आणि पुढची प्रत्येक लस मुदत संपण्यापूर्वी दिली, तर ती चाचणी पुन्हा करावी लागत नाही, म्हणून तुमचा निर्णय व्हायच्या आतच ती करून घेण्यात काही नुकसान नाही.

प्रवासाच्या आधी मुंबईतील केंद्रीय पशु संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत प्राण्याने युरोपीय संघात प्रवेश केला पाहिजे. तुम्ही आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर नसावे, अन्यथा तो व्यापारी वाहतुकीचा विषय ठरून नियम बदलतात. पती आधी जाणार असतील, तर चिंगीने तुमच्याबरोबरच जावे हे यामुळे सोयीचे पडेल.

अठरा किलोची कुत्री केबिनमध्ये बसू शकत नाही, ती विमानाच्या पोटातील तापमान नियंत्रित कक्षातून जाईल. तिला पिंजऱ्यात ताठ उभे राहता, वळता आणि अंग टाकून झोपता आले पाहिजे. तो पिंजरा दोन-तीन महिने आधी घरात आणून ठेवावा, त्यात तिचे जेवण द्यावे, दुपारची झोप तेथेच होऊ द्यावी. गुंगीचे औषध देऊ नये. उंचीवर त्याचा रक्तदाबावर आणि श्वासावर परिणाम होतो आणि विमान कंपन्याही अशा प्राण्याला नाकारतात. मुंबईतून सरळ म्युनिक किंवा फ्रँकफर्टला जाणारे रात्रीचे विमान घ्यावे, मे महिना टाळावा.

आणखी एक सूचना. जर्मनीत पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांच्या संकरांना आणण्यास बंदी आहे. आपली गावठी कुत्री त्यांत येत नाहीत, पण तेथील अधिकाऱ्याने ती कधी पाहिलेली नसण्याचा संभव असतो, म्हणून जातीविषयी स्पष्ट लिहिलेले तुमच्या पशुवैद्याचे पत्र आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे जवळ ठेवा.

परतवाट यांचा प्रतिसाद

आम्ही जर्मनीतून पुण्याला परत आलो, म्हणून परतीची बाजू मांडतो, कारण जाताना तिचा हिशेब फार थोडे लोक करतात.

तुमची मुलगी आठवीच्या आरंभी गेली आणि दोन-तीन वर्षांनी तुम्ही परतलात, तर ती नेमकी दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावर असेल. सीबीएसईमध्ये नववीत नोंदणी होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळणे अवघड असते. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे मधली वर्षे मराठी वाचन-लेखन सुटले तर त्याचाही भार पडतो. राज्यातील अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झाली आहे का, याला महत्त्व असते. या सर्वांमुळे मला असे वाटते की, मुलीच्या बाबतीत एक वर्षाचा किंवा दोन वर्षांचा अनुभव घेऊन परत येऊ, हा पर्याय प्रत्यक्षात नाही. एकतर तिचे शालेय शिक्षण तेथे पूर्ण होईपर्यंत राहण्याच्या तयारीने जावे, नाहीतर पतींनी एकट्याने जाऊन पाहावे. मुलाच्या बाबतीत अशी अडचण नाही.

सासूबाईंबद्दल कोणी लिहिलेले नाही. कौटुंबिक आरोग्य विम्यात आईवडील येत नाहीत. 1 मार्च 2024 पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या आईवडिलांना कायम राहण्यासाठी बोलावण्याची तरतूद झाली आहे, पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय आपण दाखवावी लागते आणि सत्तरीच्या पुढच्या व्यक्तीचा खासगी विमा अतिशय महाग असतो. शेंगेन व्हिसावर त्या कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहू शकतात. त्या उरलेला काळ कोठे आणि कोणाबरोबर राहतील, त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, हे त्यांच्याशी शांतपणे बोलून ठरवा. आमच्या ओळखीतील काही कुटुंबांत हा विषय घरातल्या ज्येष्ठांना विचारण्याआधीच परस्पर ठरला आणि त्याचे दुःख पुष्कळ काळ टिकले.

तुमच्या व्यवसायाविषयी: जर्मनीत फिजिओथेरपी हा नियंत्रित व्यवसाय आहे. तुमची पदवी साडेचार वर्षांची आणि तेथील प्रशिक्षण तीन वर्षांचे असले, तरी विषयांची तुलना होऊन मान्यता घ्यावी लागते, उणीव निघाल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते आणि भाषेची बी-2 पातळी हवी. मान्यतेचा अर्ज भारतातून करता येतो. या व्यवसायात तेथे मनुष्यबळाची टंचाई आहे, म्हणून मान्यता मिळाल्यावर नोकरी मिळण्यात अडचण येऊ नये. स्वतःचे क्लिनिक चालवण्याची सवय असलेल्या व्यक्तीला मधली दोन वर्षे मात्र कठीण जातात, त्यांची तयारी मनाने आणि पैशाने दोन्ही प्रकारे ठेवा.

मुठाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पतींचा करार जर्मन कंपनीशी थेट आहे. आम्ही रात्री मुलीशी सविस्तर बोललो. तिने जर्मनचा वर्ग लावण्याची तयारी दाखवली आहे, पण मैत्रिणींचा विषय निघताच ती गप्प झाली. चिंगीला चिप नाही, त्यामुळे या आठवड्यातच ती बसवून घेऊ. सासूबाई म्हणाल्या की त्यांना नणंदेकडे नाशिकला राहणे आवडेल, परंतु त्या आमच्या सोयीसाठी असे म्हणत आहेत का, हे मला समजून घ्यायचे आहे. इझारकाठ, पतींनी परीविक्षा काळासाठी एकट्याने जावे आणि आम्ही नंतर जावे असे केले, तर मुलांच्या शाळेच्या दृष्टीने कोणता महिना योग्य ठरेल?

इझारकाठ यांचा प्रतिसाद

बव्हेरियात शाळा सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतात. पती एप्रिलपूर्वी रुजू होऊ शकत असतील, तर सप्टेंबरपर्यंत त्यांचा परीविक्षा काळ जवळजवळ संपतो, घर मिळण्यास वेळ राहतो आणि मुलांची पुण्यातील वार्षिक परीक्षाही नीट पार पडते. कंपनीला रुजू होण्याची तारीख अलीकडे आणण्याविषयी विचारावे. ते उन्हाळ्यातच रुजू झाले, तर मुलांनी मध्यावर, फेब्रुवारीत, वर्गात जाण्यापेक्षा ऑगस्टच्या अखेरीस यावे असे मी सुचवीन, मग परीविक्षा काळाची थोडी जोखीम पत्करावी लागली तरी चालेल. घराची नोंदणी राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि मुलाची प्राथमिक शाळा त्या पत्त्यावरूनच ठरते, म्हणून घर शोधतानाच परिसरातील शाळा पाहून ठेवा. मुलीसाठी दोन-तीन गिम्नाझियमना मेच्या आधी पत्र लिहा, तिच्या गुणपत्रिकांचा जर्मन अनुवाद सोबत जोडा, आणि शक्य झाल्यास ते पत्र तिने स्वतः जर्मनमध्ये लिहावे.

मैत्रिणींच्या बाबतीत तिला घाई करू नका. म्युनिकमध्ये मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि तिच्या वयाच्या मुलीही आहेत. तिची इच्छा असेल तर आमची मुलगी, जी याच वयात येथे आली, तिच्याशी आधीच बोलू शकेल. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.