आगमनकाळ आणि उतरवून ठेवलेली काळजी: तुमचे अनुभव सांगा

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. गेल्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिसरी, गुलाबी मेणबत्ती पेटवली, तेव्हा नातीने विचारले की बाकीच्या तीन जांभळ्या असताना हीच एक वेगळी का. तो आनंदाचा रविवार असतो हे मी तिला समजावले खरे, पण माझे मन १९९३ च्या आगमनकाळात जाऊन पोहोचले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही लातुरात राहत होतो. घर उभे राहिले, भिंतींना तेवढे तडे गेले. पण दोन महिने उलटल्यावरही आम्ही सगळे पुढच्या खोलीत, दार सताड उघडे ठेवून झोपत होतो. वडील रोज रात्री कोनाड्यात पितळी तांब्या ठेवत आणि त्याच्या काठावर वाटी अशी तोलत, की जमीन जराशी हलली तरी ती खणकन खाली पडावी. त्या वाटीकडे बघत बघतच आम्हाला झोप लागायची.

१२ डिसेंबरला तिसरा रविवार आला. मेणबत्ती उभी करायला काही सापडेना, तेव्हा आईने तांब्यावरची ती वाटी उचलली, तळाशी थोडे मेण सांडले आणि त्यात मेणबत्ती रोवली. वडील म्हणाले, "अगं, मग रात्री काय ठेवायचं?" आई म्हणाली, "आजच्या दिवस राहू द्या. देव जागा आहे." त्या रात्री थंडी फार होती म्हणून दारही लोटून घेतले.

तुमच्याकडे असे काही घडले असेल तर जरूर लिहा.

अंबडहून
ताई, आमच्यावरचे संकट पाण्याचे होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन रानातच कुजले, आणि सोसायटीचे कर्ज, बियाणे, मुलीची फी असा हिशेब मी रोज रात्री वहीत मांडत राहिलो. आकडे तेच असायचे, तरी मांडायचो. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले की "चिंता करू नका" असे बायबलमधल्या पत्रात फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा स्वतः बंदिवासात होता. मोकळ्या माणसाने सांगितले असते तर मी ऐकले नसते. त्या आगमनकाळाच्या चारही रविवारी मी वही उघडली नाही. कर्ज तेवढेच आहे, पण हरभरा वेळेवर पेरला.

परभणीहून
गुलाबी मेणबत्ती आमच्याकडे कुठल्याच दुकानात मिळाली नाही, म्हणून पांढरीलाच पतंगाचा गुलाबी कागद गुंडाळला, आणि प्रार्थना चालू असताना तो कागद पेटेल या काळजीत माझे आनंदाचे पूर्ण वचन ऐकायचे राहून गेले.

नांदेडहून
मला थोडे वेगळे सांगायचे आहे, ताईंनी राग मानू नये. मुलगा दवाखान्यात असताना भेटायला येणारा प्रत्येक जण "काळजी देवावर टाका" असे सांगून निघून जायचा, आणि माझ्या काळजीत विश्वास कमी पडल्याच्या अपराधाची भर पडायची. दुसऱ्या रविवारी मंडळीतल्या एक काकू आल्या, त्यांनी एकही वचन म्हटले नाही, ज्वारीच्या भाकरी आणि पिठल्याचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "तू जेव, तोवर मी त्याच्याजवळ बसते." मी जेवले, आणि कित्येक दिवसांनी बाकावर बसल्या बसल्या तासभर झोपले. मुलगा आता बरा आहे.

जालन्याहून
काकूंचा डबा वाचून भूक लागली. आमच्या घरी आगमनकाळ म्हणजे आधी करंज्यांचीच काळजी. पण ताई, लातूरची ती वाटी अजून आहे का?

धागा सुरू करणारी
आहे, धाकट्या भावाकडे. काठाला पोचा आहे, कारण जानेवारीत ती एकदा खरोखरच खाली पडली होती. सगळे धावत अंगणात आलो, तर कोनाड्यात मांजर बसलेले होते.