मदत हवी आहे : गाजरगवताच्या अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट खान्देशात कुठे होते?

आम्ही रावेर तालुक्यातले. आबा (वय 58) केळीच्या बागेत रोज असतात, बांधावर गाजरगवत माजलंय. तीन वर्षांपासून पापण्या, मान, कोपराची लवण लाल होऊन चिघळते. पावसाळ्यात तर बघवत नाही.

सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) महिनोन्‌महिने दिली, फरक शून्य. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरं वाटतं, बंद केल्या की परत तेच. खरूज नाही, घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही. साखर नॉर्मल. रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) जास्त आलं, पण ते जंतांमुळेही वाढतं. शिवाय गाजरगवताचा हा त्रास बहुतेक वेळा टी-पेशींचा (शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा), उशिरा उमटणारा असतो, तो आयजीईत दिसत नाही. म्हणून पाठीवर पट्ट्या लावून करायची पॅच टेस्टच हवी. पट्ट्या 48 तासांनी काढतात, नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, म्हणजे तीन खेपा. मुंबई-पुणे झेपणार नाही, शेती सोडणंही शक्य नाही.

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात गाजरगवताचा अर्क असलेली पॅच टेस्ट कुणी करून घेतली आहे का? खर्च किती आला, आणि स्टेरॉइड किती दिवस आधी थांबवायला सांगितलं होतं?