ऑनलाइन बुद्धिबळात मानांकन अडकले असता : एकाच उणिवेवर मेहनत, की अधिक डाव?

मूळ मांडणी (टोपणनाव : सातवी रांग)

लीचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे खेळून रॅपिड म्हणजे जलद डावांच्या मानांकनात १७०० ते १९०० च्या दरम्यान स्थिरावलेले खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांना डावाच्या सुरुवातीची तत्त्वे ठाऊक असतात, दोन-तीन चालींची साधी खेळी ते सहसा चुकवत नाहीत, आणि तरीही त्यांचे मानांकन पुढे सरकत नाही. माझे ठाम मत असे आहे की, या टप्प्यावर नुसते अधिक डाव खेळून फारसे काही साधत नाही. स्वतःच्या हरलेल्या डावांतून एक प्रमुख उणीव शोधावी आणि दीड-दोन महिने तिच्यावरच काम करावे.

उणीव शोधताना क्रम महत्त्वाचा आहे. अलीकडचे पन्नासेक हरलेले डाव घ्यावेत आणि स्टॉकफिश हे इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) बंद ठेवून प्रत्येक डावात आपली बाजू कोठे ढासळली, त्या क्षणी मनात कोणता बेत होता व घड्याळात किती वेळ उरला होता, हे लिहून काढावे. इंजिन त्यानंतरच लावावे, कारण ते योग्य चाल दाखवते, पण ती आपल्याला का सुचली नाही हे सांगू शकत नाही. स्वतःच्या डावांचे कठोर पृथक्करण हा माजी जगज्जेते मिखाईल बोट्विनिक यांच्या शिकवणीचा पाया होता, आणि कार्पोव, कास्पारोव व क्राम्निक हे तिन्ही जगज्जेते त्यांच्या शाळेत शिकले होते.

उदाहरणादाखल हत्ती-प्याद्यांचा शेवट घेतो, कारण या पातळीवरच्या डावांत बरोबरीचे अर्धे गुण सर्वाधिक येथेच वाया जाताना मी पाहतो. एक प्यादे कमी असले, तरी बचाव करणाऱ्याचा राजा प्रतिस्पर्ध्याच्या त्या जादा प्याद्यासमोर असेल, तर त्याने आपला हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या रांगेवर ठेवून प्रतिस्पर्धी राजाला पुढे येऊ देऊ नये. प्यादे त्या रांगेत सरकताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहावे. प्रतिस्पर्धी राजाला आता प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो आणि डाव बरोबरीत सुटतो. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती एका बैठकीत समजते, परंतु घड्याळात दोन मिनिटे उरली असताना ती आपोआप सुचण्यासाठी दोन्ही बाजूंनी अनेकदा खेळून पाहावी लागते. मानसशास्त्रज्ञ नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात, खेळाडूच्या मानांकनाशी सर्वांत घट्ट संबंध एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचा आढळला होता, ही गोष्ट डावांची संख्या वाढवत राहणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

प्रतिसाद (काळी मोहरी)

मांडणी नीटनेटकी आहे, पण तुम्ही केलेले निदान मला पटत नाही. ज्या डावात विसाव्या चालीला घोडा फुकट जातो, तो डाव हत्तीच्या शेवटापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय, एका विषयाची कोडी सलग सोडवताना उत्तराचे अर्धे सूचन शीर्षकातच मिळते. ‘दुहेरी हल्ला’ असे वर लिहिलेले असल्यावर तो कोणालाही सापडेल. प्रत्यक्ष डावात या चालीला काही शोधण्यासारखे आहे, हेच मुळात कोणी सांगत नाही, आणि अनुभवी खेळाडू बहुधा तेथेच कमी पडतो. मिश्र कोडी आणि पंधरा मिनिटांचे, दर चालीला दहा सेकंद वाढणारे डाव यांतून जी सावधता येते, ती एका विषयात कोंडून घेतल्याने येणार नाही.

घड्याळाचाही विचार व्हावा. २०२५ च्या महिला विश्वचषकात, बातुमी येथील अंतिम लढतीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांच्या टायब्रेकमध्ये लागला. कमी वेळात निर्णय घेण्याचा सराव हे एक वेगळे कौशल्य आहे, आणि ते खेळूनच मिळते.

प्रतिसाद (हौशी खेळाडू)

मला दोन्ही बाजूंबद्दल शंका आहे. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो कॅम्पितेली यांनी २००७ साली अर्जेंटिनातील खेळाडूंबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मास्टरच्या पातळीला पोहोचण्यासाठी एकाला सुमारे ३,००० तास, तर दुसऱ्याला २३,००० हून अधिक तास लागल्याचे दिसले. इतकी तफावत असताना, नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला ‘दीड-दोन महिने’ असा हिशेब सांगणे मला योग्य वाटत नाही. दुसरे असे की, लीचेसचे मानांकन ग्लिको-२ या, निकालांवरून गुण वर-खाली करणाऱ्या गणिती पद्धतीने ठरते आणि पन्नास-साठ गुणांचा चढउतार कोणत्याही प्रशिक्षणाशिवायही होतो. मग प्रशिक्षणाचा लाभ झाला, हे ठरवायचे कसे?

सातवी रांग यांचे उत्तर

शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. मानांकन हे मोजमाप म्हणून वापरूच नये. सरावापूर्वीच्या डावांत बरोबरी शक्य असलेले हत्तीचे शेवट किती राखले आणि त्यानंतरच्या डावांत किती राखले, हे पाहावे. जे शिकलो तेच मोजले, तर चढउताराचा गोंधळ बराच कमी होतो. तासांमधील तफावत मी नाकारत नाही, मात्र तो अभ्यास मास्टर होण्याविषयी आहे आणि येथे प्रश्न एक विशिष्ट उणीव भरून काढण्याचा आहे.

काळी मोहरी यांच्या घोड्याबद्दल एवढेच सांगतो, की पन्नास डावांपैकी तीसांत मोहरा फुकट गेला असेल, तर हत्तीचा शेवट ही त्या खेळाडूची उणीव नव्हेच. त्याने हत्तीला हातही लावू नये. चाल खेळण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे शह, मोहरे मारणाऱ्या चाली आणि धमक्या तपासण्याची सवय लावावी, आणि ती दीर्घ डावांतच लावावी. विषयाचे शीर्षक असलेली कोडी पहिल्या आठवड्यापुरती ठीक आहेत, त्यानंतर ती मिश्र कोड्यांत मिसळावीत, ही सूचना मला पूर्ण मान्य आहे.

प्रतिसाद (काळी मोहरी)

असे असेल, तर आपल्यातील मतभेद पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. तुमची सारी पद्धत खेळाडूने स्वतःचे निदान अचूक केले, यावर उभी आहे. १८०० चा खेळाडू इंजिनाविना पृथक्करण करील, तेव्हा ज्या गोष्टी त्याला डावात दिसल्या नाहीत, त्या पृथक्करणातही बहुधा दिसणार नाहीत. तो ‘घाई झाली’ असे लिहील आणि खरे कारण मोहऱ्यांच्या मांडणीबद्दलची चुकीची समजूत असेल. म्हणून ते पन्नास डाव त्याच्यापेक्षा दोन-तीनशे गुणांनी वरच्या खेळाडूला दाखवणे मी अनिवार्य मानतो. ते शक्य नसेल, तर एकाच उणिवेवर दोन महिने घालवण्याचा धोका त्याने पत्करू नये, असेच मी म्हणेन.