जुन्या जाहिरातीतला मोबाईल नंबर नेटवरून कसा काढायचा?

राजारामपुरीकर: गाडी विकायची जुनी जाहिरात अजून गुगलवर दिसते, नंबर-पत्त्यासकट. लॉगिन आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

रंकाळा_काठ: भावा, आधी मूळ पान, मग गुगल. गुगल फक्त शोधातून काढतं, पान जागेवरच राहतं. जुन्या ईमेलवर पासवर्ड रिसेट मागव, नाहीतर साईटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिंक आणि स्क्रीनशॉट पाठव. पान गेलं तरी शोधात जुना मजकूर दिसला, तर गुगलच्या ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ या पानावर लिंक दे. साईटवाले दादच देईनात, तर नंबर-पत्ता काढायचा गुगलचा वेगळा फॉर्म आहे. त्यात पानाची नेमकी लिंक लागते, होमपेजची चालत नाही. लोक इथंच चुकतात.

उद्यमनगर_कट्टा: ट्रूकॉलरपण बघ. नुसतं ॲप उडवून नाव जात नाही. आधी ॲपमधून अकाउंट डीॲक्टिव्हेट, मग त्यांच्या वेबसाईटवर +९१ लावून नंबर अनलिस्ट, म्हणजे त्यांच्या यादीतून काढायचा. क्रम उलटा नको.

शाहूपुरी_६: झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार कुणाला आठवतंय? इथून पुढं मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते तपास; अनोळखी निघालं तर तिथंच ‘नॉट माय नंबर’ दाब.