मदत हवी आहे: माजघरातले काळे आलेले फोटो उजळायचे कसे?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितोय. आमचं घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं, कौलारू. दिवाळीनंतर ते उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलंय, म्हणजे जुन्या घरातला हा शेवटचा गणपती. मुंबई-पुण्याची झाडून सगळी मंडळी आलेली आणि कॅमेरा माझ्याकडे. दोनेकशे फोटो काढले, ओटीवरचे आणि आरतीचे ठीक आलेत पण माजघर नि स्वयंपाकघरातले ६०-७० पार काळे आलेत, आणि ते परत काढता येणार नाहीत.

ज्याच्यासाठी जीव तुटतोय तो फोटो असा: आजी चुलीशेजारी पाटावर बसून मोदक वळतेय, तळहातावर पारी, चिमटीत कळी अर्धी पाडलेली. वरच्या काचेच्या कौलातून उजेडाचा एक पट्टा खाली आलाय, धुरामुळे तो अख्खा दिसतो, आणि नेमका तिच्या हातांवर पडलाय. हात लख्ख. चेहरा मात्र नाहीच, चष्म्याच्या काडीवर जरा चमक आहे तेवढीच.

चूक माझीच आहे. आदल्या संध्याकाळी वेळणेश्वरला सूर्यास्ताचे रंग गडद यावेत म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) मायनस १.३ वर नेलं होतं ते तसंच राहिलं, माझ्या कॅमेऱ्यात बंद करून चालू केला तरी ते शून्यावर येत नाही हे आत्ता कळतंय. त्यात ते काचेचं कौल, त्या पट्ट्याचा उजेड बघून कॅमेऱ्याला वाटलं असणार की खोलीत भरपूर उजेड आहे.

मोबाइलवर स्नॅपसीड या फोटोच्या ॲपमध्ये ब्राइटनेस वाढवून बघितला तर भिंती राखाडी, हात पांढरेफटक आणि चेहऱ्यावर लाल-हिरवे ठिपके. चुलतभावाने एका ॲपमध्ये एका बटणात करून दिला, त्यात माजघरात ट्यूबलाइट लावल्यासारखं वाटतं आणि आजीच्या सुरकुत्याच गायब, ती आमची आजी नाहीच. मला अंधार घालवायचा नाहीये. ते घर भर दुपारी पण आतून काळोखीच असायचं, तो काळोख राहू दे, त्यात आजी दिसली पाहिजे एवढंच.

लॅपटॉप जुना आहे, त्यावर गिम्प हे फोटो सुधारायचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय. दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर आत्ता जमणार नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:

आधी एक काम करा, कार्ड फॉरमॅट करू नका. त्यात प्रत्येक फोटोच्या नंबरची अजून एक मोठी फाइल दिसते का बघा, निकॉन असेल तर शेवटी एनईएफ, कॅनन असेल तर सीआर२ किंवा सीआर३. ती रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती; नेहमीचा तयार फोटो तो जेपेग. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि काळ्या भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात, ओढून ताणल्या की ठिपके नि पट्टे दिसायला लागतात. १२ बिटच्या रॉमध्ये (बिट जास्त तितक्या पायऱ्या जास्त) त्याच ४०९६ असतात, १४ बिटमध्ये १६,३८४. मायनस १.३ म्हणजे साधारण अडीचपट कमी उजेड, रॉ असेल तर एवढं आरामात भरून निघतं.

जेपेगच असेल तरी हातपाय गाळू नका. ब्राइटनेसला हात लावू नका, ते काळ्यालाही वर ढकलतं म्हणून राखाडी होतं. गिम्पमध्ये कलर्स मेनूत लेव्हल्स उघडा, खाली तीन त्रिकोण असतात, काळा नि पांढरा जागेवर ठेवून फक्त मधला डावीकडे सरकवा. पण हे आख्ख्या फोटोवर नको, नाहीतर हात परत फटफटीत होतील. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करा, कॉपीवर लेव्हल्स लावा, तिला काळा लेयर मास्क द्या (हा पडदा काळा असेल तिथे कॉपी लपते, पांढरा असेल तिथे दिसते) आणि मोठ्या मऊ ब्रशने, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) १५-२० टक्के ठेवून, फक्त चेहऱ्यावर नि खांद्यावर पांढरा रंग फिरवा. हळूहळू चेहरा वर येईल. हातांना, पट्ट्याला शिवू नका. ठिपके काढताना रंगाचे ठिपके तेवढे काढा, बारीक दाणा राहू दे, तो घालवायला गेलात की सुरकुत्या जातात. आणि सेव्ह एक्ससीएफमध्ये (गिम्पची स्वतःची फाइल, थर तसेच राहतात), जेपेग शेवटी एकदाच.

धागाकर्ता:

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. कार्डवर एनईएफ फाइली आहेत! लॅपटॉपवर उघडत नव्हत्या म्हणून मी त्या खराब झाल्या समजत होतो, जागा हवी म्हणून परवाच उडवणार होतो. रॉ फाइली उघडणारं रॉथेरपी टाकलं, ते फुकट आहे, त्यात एक्स्पोजर १.३ वाढवलं, हात पांढरेफटक व्हायला लागले म्हणून ०.८ वर आणलं, शॅडोज (अंधारे भाग) थोड्या उचलल्या, मग १६ बिट टिफ फाइल काढून गिम्पमध्ये तुम्ही सांगितलेला मास्क. दीड तास गेला. चेहरा आलाय. ती हाताकडे बघत नाहीये, बाजूच्या मोदकपात्राकडे बघतेय, हे मला फोटो काढताना पण दिसलं नव्हतं. मागच्या भिंतीवरची उलथन्यांची रांग जराशी दिसते, बाकी काळोख तसाच ठेवलाय.

आता शेवटचं. नव्या घरात लावायला १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढायचीय. लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण उजेडावर असताना चेहरा छान दिसतो, निम्म्यावर आणला की परत बुडतो. प्रिंटसाठी अजून थोडा उचलू का, आणि चिपळूण-रत्नागिरीकडे मॅट पेपरवर आधी छोटी टेस्ट प्रिंट काढून देणारं कोणी माहितीय का?