‘निरोधसमापत्ती’ की ‘निरोधसमाप्ती’?

प्रश्न : बौद्ध ध्यानाबद्दल वाचताना ‘निरोधसमापत्ती’ आणि ‘निरोधसमाप्ती’ अशी दोन्ही रूपं दिसली. बरोबर कोणतं? आणि ‘संज्ञावेदयितनिरोध’ म्हणजे वेदना थांबणं का?

प्रतिसाद : ‘समापत्ती’च. समाप्तीत ‘आप्’ धातू आहे, समापत्तीत ‘पद्’ म्हणजे जाणे. उत्पत्ती, संपत्ती, आपत्ती यांतही तोच. समापत्ती म्हणजे एखाद्या अवस्थेला पूर्णपणे पोहोचणं, निरोध म्हणजे थांबणं. ‘समाप्ती’ लिहिलं की निरोधच संपला असा उलटा अर्थ होतो. चार रूपध्यानं (ध्यानाच्या चढत्या पायऱ्या) आणि त्यांवरच्या चार अरूप, म्हणजे रूपाचं भान मागे पडलेल्या, अवस्था मिळून आठ समापत्ती होतात. निरोध त्यांच्या पलीकडची, नववी.

संज्ञावेदयितनिरोध हे तिचंच दुसरं नाव. पण पालीतली ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, कुठलीही अनुभूती म्हणजे वेदना. ‘सञ्ञा’ म्हणजे वस्तू ओळखणं. दोन्ही थांबतात तो निरोध. मराठीत ‘वेदनाशमन’ लिहिलं तर वाचकाला औषधच आठवेल. ‘संज्ञा-अनुभूतींचा निरोध’ बरं.

प्रश्न : मग ‘समाधी घेतली’ म्हणतो, तसंच का हे?

प्रतिसाद : नाही, आणि ही गल्लत टाळायलाच हवी. मराठीत ‘समाधी घेणे’ म्हणजे देह ठेवणे, ‘समाधी’ म्हणजे ती जागासुद्धा. पालीत समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता, एवढंच. निरोधात गेलेला माणूस आणि मृत माणूस यांतला फरक महावेदल्ल सुत्तात (सुत्त म्हणजे पालीतलं प्रवचन) बुद्धांचे शिष्य सारिपुत्त सांगतात : बोलण्यामागचा विचार, श्वास, संज्ञा-वेदना दोघांच्याही थांबलेल्या असतात, पण निरोधात आयुष्य संपलेलं नसतं, ऊब गेलेली नसते, इंद्रियं प्रसन्न असतात. म्हणून ‘बेशुद्धी’ही चालणार नाही.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांबद्दलच्या महापरिनिब्बान सुत्तात, कुसिनाऱ्याला (कुशीनगरला) हाच घोटाळा त्यांचे शिष्य आनंद यांचा झाला. भगवंत (बुद्ध) परिनिर्वाण पावले, म्हणजे देह सोडून गेले, असं त्यांना वाटलं. दुसरे शिष्य अनुरुद्ध यांनी सांगितलं, नाही, ते निरोधात आहेत. पुढे बुद्ध त्यातून बाहेर येऊन पायरीपायरीने पहिल्या ध्यानापर्यंत उतरले, पुन्हा चौथ्यापर्यंत चढले आणि तिथून उठताच परिनिर्वाण झालं. निरोधात असताना नव्हे.

प्रश्न : क्रियापद कोणतं वापरावं?

प्रतिसाद : ‘निरोधसमापत्तीत प्रवेश करणे’ किंवा ‘समापन्न होणे’. बाहेर येण्याला पालीत ‘वुट्ठान’, संस्कृतात ‘व्युत्थान’. साध्या मराठीत ‘समापत्तीतून उठणे’ पुरेसं आहे. ‘जागा झाला’ मात्र लिहू नये, ती झोप नव्हती.