मदत हवी आहे: 'प्रावदा'चे ऑगस्ट १९३६चे अंक कसे वाचावेत?

तळटीप
दिवाळी अंकासाठी मॉस्को खटल्यांवर (स्टालिनच्या काळात, १९३६ ते १९३८मध्ये जुन्या बोल्शेविक नेत्यांवर चालवलेले तीन जाहीर खटले) लेख करायचा आहे. खटल्यांवर पुष्कळ लिहून झालंय, मला त्या वेळच्या सोव्हिएत वर्तमानपत्रांवर लिहायचंय. 'प्रावदा' (कम्युनिस्ट पक्षाचं पत्र) आणि 'इझ्वेस्तिया' (सरकारचं पत्र) यांचे ऑगस्ट १९३६चे स्कॅन मिळालेत, रशियन अडखळत वाचता येतं. अडचण अशी की अंक पालथे घातले तरी सगळीकडे तेच ते: कारखान्यांचे ठराव, 'गोळ्या घाला', अग्रलेखात शिव्या. यातून नेमकं टिपायचं काय? आणि 'शो ट्रायल'ला, म्हणजे निकाल आधीच ठरवून लोकांना दाखवण्यापुरत्या चालवलेल्या खटल्याला, मराठीत काय म्हणावं?

खिळेजुळारी
मजकुराआधी तारखा लावून घ्या. दोन रकाने आखा: एकात कोर्टात काय झालं, दुसऱ्यात अंकात काय छापलं. कोर्टातला दिवस आणि अंकाची तारीख यांत साधारण एका दिवसाचा फरक पडतो, तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

ठोकळ क्रम असा. १५ ऑगस्टला खटल्याची घोषणा छापून आली, १९ला सुनावणी सुरू झाली. २२ला सरकारी वकील विशिन्स्कीने 'पिसाळलेल्या कुत्र्यांना' गोळ्या घालण्याची मागणी केली. २४ला झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह या जुन्या बोल्शेविक नेत्यांसह सोळाही आरोपींना मृत्युदंड, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं आटोपलेलं. आता ठराव यात बसवा. आरोपींचे जबाब चालू असतानाच कामगार सभा शिक्षा सांगून मोकळ्या झालेल्या दिसतील. प्रत्येक ठरावाचं गाव, कारखाना आणि शिक्षेसाठी वापरलेलं क्रियापद एवढंच टिपा. बाकी सोडून दिलं तरी चालेल.

मात्र २१ ऑगस्टचा अंक सोडू नका. त्या दिवशी 'प्रावदा'त प्याताकोव्ह आणि राकोव्स्की यांचे लेख आहेत, 'इझ्वेस्तिया'त रादेकचा. हे तिघेही जुने बोल्शेविक, एके काळचे त्रॉत्स्कीचे समर्थक. तिघेही आरोपींवर तुटून पडलेत, दयामाया नको म्हणतायत. जानेवारी १९३७मध्ये प्याताकोव्ह आणि रादेक स्वतः पिंजऱ्यात होते, मार्च १९३८मध्ये राकोव्स्की. प्याताकोव्हला गोळी, रादेकला दहा वर्षं, राकोव्स्कीला वीस. अशा लेखांखालच्या सह्यांची यादी करून प्रत्येक नावापुढे पुढच्या दोन खटल्यांतली जागा लिहा, अर्धा लेख तिथेच उभा राहील.

उभा_आडवा
वरच्यात भर. मोठ्या मथळ्यांपेक्षा बारक्या बातम्या बघा. २१ला कोर्टात तोम्स्की, बुखारिन, रिकोव्ह या आणखी तीन जुन्या पक्षनेत्यांची नावं निघाली आणि विशिन्स्कीने चौकशी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी तोम्स्कीने गोळी झाडून घेतली. सरकारी प्रकाशनसंस्थेचा प्रमुख होता तो. २३च्या 'प्रावदा'ची त्यावरची बातमी अगदी त्रोटक आहे: प्रतिक्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांत गुरफटला म्हणून आत्महत्या, विषय संपला.

मग थेट १० सप्टेंबरच्या अंकावर जा. बुखारिन आणि रिकोव्हवर खटला भरण्याजोगा कायदेशीर आधार मिळाला नाही, चौकशी बंद, अशी छोटी नोंद सापडेल. दीड वर्षाने दोघांना मृत्युदंड झाला. आणि ही चौकशी चालू असताना 'इझ्वेस्तिया'चा संपादक कोण, तर बुखारिनच!

पडताळा
एक पायरी राहिली: बाहेरच्या देशांतली वर्तमानपत्रं. तपासता येण्याजोगे दोन तपशील देतो.

गोल्त्समान या आरोपीने सांगितलं की १९३२मध्ये कोपनहेगनच्या हॉटेल ब्रिस्टलच्या लाउंजमध्ये तो त्रॉत्स्कीच्या (स्टालिनचा हद्दपार झालेला विरोधक) मुलाला, सेदोव्हला भेटला. १ सप्टेंबर १९३६ला डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या वर्तमानपत्राने छापलं की हे हॉटेल १९१७मध्येच पाडलंय. त्यावर कम्युनिस्ट पत्रांनी शेजारी ब्रिस्टल नावाचा कॅफे शोधून काढला. पण जबाबात हॉटेलात उतरायचं ठरलं होतं असं आहे, कॅफेत कोण उतरतो?

दुसरा तपशील प्याताकोव्हचा, जानेवारी १९३७च्या खटल्यातला. डिसेंबर १९३५मध्ये बर्लिनहून विमानाने ओस्लोला जाऊन त्रॉत्स्कीला भेटलो, असा त्याचा जबाब. खटला चालू असतानाच नॉर्वेच्या वर्तमानपत्रांनी छापलं की त्या महिन्यात ओस्लोजवळच्या केलेर विमानतळावर एकही परदेशी विमान उतरलं नाही. विशिन्स्कीने नॉर्वेतल्या सोव्हिएत वकिलातीकडून उत्तर मागवून कोर्टात वाचलं: केलेर विमानतळ वर्षभर चालू असतो, हिवाळ्यातही विमानं उतरू शकतात. प्रश्न 'उतरलं का' असा होता, उत्तर 'उतरू शकतं' असं आलं. लेखात हे दोन्ही शब्दशः शेजारी ठेवा, टिप्पणी लागणार नाही.

तळटीप
सर्वांचे आभार. कोर्टाचा इंग्रजी वृत्तांत प्रमाण धरू का?

पडताळा
१९३६चा संक्षिप्त आहे, त्यावरून 'अमुक बोललाच नाही' असं लिहू नका. १९३७ आणि १९३८चे शब्दशः म्हणून छापलेत. १९३८च्या वृत्तांतात क्रेस्तिन्स्की हा आरोपी २ मार्चला गुन्हा साफ नाकारतो आणि ३ मार्चला कबूल करतो. दोन्ही छापलंय, मधल्या रात्रीबद्दल अर्थातच काही नाही.

खिळेजुळारी
शब्दाचं राहिलं. 'खोटा खटला' नको, त्याने बनावट तक्रारीचा अर्थ होतो. 'दिखाऊ खटला' चालेल. आणि फक्त सोव्हिएत पत्रांनाच झोडू नका. भगतसिंगांच्या बाजूने प्रिव्ही कौन्सिलमध्ये (लंडनचं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) उभे राहिलेले ब्रिटिश बॅरिस्टर डी. एन. प्रिट ऑगस्ट १९३६मध्ये त्याच कोर्टात प्रेक्षक म्हणून बसले होते, आणि परत जाऊन खटला रीतसर झाल्याची पुस्तिका लिहिली. मराठी वाचक तिथे थबकेल, चौकट करा त्याची.